भिंतीवरचा भात

हेप्सिबा मॅनिगॉल्टच्या हातात तो डाव मीच दिला. आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला तोंड मोकळं राहील. एकवीस फूट उंच बाई, तिच्यासमोर चुलीवर मोटारगाडीएवढं भाताचं पातेलं आणि त्या पातेल्यात खुपसलेला सात फुटी लाकडी डाव. डावाच्या दांड्यावर उन्हाची एक तिरीपसुद्धा काढली होती. त्या तिरिपेवर मी दीड तास घालवला. माझ्या लग्नाच्या सुटावरही मी इतका वेळ घालवला नव्हता.

झालं असं, की क्लीव्हलंडहून आलेल्या चित्रकाराकडे, एमरी टॉलिव्हरकडे, बाईंचा एकच फोटो होता. १९५१ साली हॅरो हाउस हॉटेलच्या पायऱ्यांवर काढलेला. पुढे पाहुणे, पाहुण्यांच्या बायका, पाहुण्यांची कुत्री. आणि अगदी कडेला, दारातून बाहेर आलेली अर्धी हेप्सिबा. फोटो काढणाऱ्याला कुत्रं पूर्ण यायला हवं होतं, म्हणून बाईचा उजवा हात मनगटाशी कापला गेला होता. एमरीने बाकीची बाई भिंतीवर उभी केली, पण तो हात तसाच अधांतरी राहिला. परांचीवरून तो ओरडला, "मिस्टर स्मॉल्स, स्वयंपाकिणीच्या हातात काय असतं हो?"

मी खाली शिडीला टेकून तळलेल्या माशाचं सँडविच खात होतो. तोंड भरलेलं असलं की माणसाच्या डोक्यात विचाराला जागा राहत नाही. म्हटलं, "डाव असतो. दुसरं काय असणार?"

दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या तरी लग्नाला गेला. जाताना म्हणाला, "डाव तेवढा तुम्हीच काढा." मी आयुष्यभर पाट्या रंगवल्या. 'ताजी कोळंबी', 'उकडलेले शेंगदाणे', 'येशू येत आहे, गाडी हळू चालवा'. अशा माणसाला एकवीस फुटी कलेत हात घालायला मिळाल्यावर तो कशाला नाही म्हणेल?

एमरीचं एक वेळ ठीक आहे. तो पडला ओहायोचा. तिकडे तांदूळ म्हणे खोक्यातून येतो आणि पाच मिनिटांत शिजतो. मी याची खातरजमा करून घेतलेली नाही. काही गोष्टी माहीत नसलेल्याच बऱ्या. पण मी? मी हॅरो फेरीत जन्मलो. चौसष्ट वर्षं रोज एकदा तरी भात खाल्ला. आमच्या साउथ कॅरोलिनाच्या या दलदलीत शेंबड्या पोरालाही कळतं, की एकदा पातेल्यावर झाकण पडलं की भाताला हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, उघडून बघायचं नाही, नुसतं वासासाठीही वाकायचं नाही. वीस मिनिटांनी उघडायचं आणि काट्याने वरच्यावर मोकळा करायचा. शीत न् शीत सुटं दिसलं पाहिजे. ढवळलेल्या भाताचा गिचका होतो, आणि गिचका भात करणाऱ्या बाईबद्दल आमच्या चर्चच्या मागच्या बाकांवर जे बोलतात ते पुढच्या बाकांवर ऐकू गेलं तर प्रार्थना थांबेल. अशा गावात, भाताच्या सगळ्यात मोठ्या सुगरणीला, भर रस्त्यावर मी भात ढवळायला लावलं होतं. आणि वर तिरीप काढली होती.

आता ही भिंत निघाली कशी ते सांगतो. आमच्या गावात एक वारसा समिती आहे. वारसा समिती म्हणजे, ज्यांच्या आजोबांची घरं होती त्यांनी, ज्यांच्या आजोबांनी ती बांधली त्यांना, वर्षातून एकदा लिंबू सरबत पाजायचं. अध्यक्षा मिसेस थॉर्नवेल. हॅरो हाउस हॉटेल त्यांच्या सासरचं. त्या हॉटेलची पाककृतींची एक पुस्तिका होती, पाहुणे आठवण म्हणून घेऊन जायचे. त्यात हेप्सिबाच्या टोमॅटोतल्या तांबड्या भाताचं नाव 'मिसेस हॅरोंचा भात' असं छापलं होतं. या मिसेस हॅरोंना आपल्या स्वयंपाकघराचं दार कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. एकदा हॉटेलात आग लागली तेव्हा बाई मागच्या दाराने पळायचं म्हणून चादरींच्या कपाटात शिरल्या होत्या. हेप्सिबानेच त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

तर मिसेस थॉर्नवेल कुठलंसं व्याख्यान ऐकून आल्या आणि त्यांना शोध लागला, की आपण पिढ्यान्‌पिढ्या जे जेवतोय ते काळ्या स्वयंपाकिणींनी शिजवलेलं आहे. हा शोध त्यांना वयाच्या सहासष्टाव्या वर्षी लागला. तोवर त्यांची समजूत असावी, की अन्न ताटातच उगवतं. मग काय, वाचनालयात बैठका झाल्या. 'कृतज्ञता' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला की शेवटी त्याचा चोथा झाला. राज्याच्या राजधानीहून, म्हणजे कोलंबियाहून, मंजुरी आली. जुन्या बर्फाच्या कारखान्याची भिंत ठरली. ती भिंत पार्किंगकडे तोंड करून आहे, त्यामुळे कृतज्ञता व्यक्त करून लगेच गाडीत बसता येतं.

फोटो वापरायला घरच्यांची सही लागणार होती. घरचं माणूस एकच उरलं होतं: हेप्सिबाची मुलगी, मिस लर्लीन.

मिस लर्लीनचं वय एकोणऐंशी. तेहतीस वर्षं तिने आमच्या शाळेच्या जेवणघरात स्वयंपाक केला. त्यामुळे या गावातला पन्नाशीच्या आतबाहेरचा प्रत्येक माणूस तिच्या हातचं खाऊन मोठा झालाय, आणि कुणी ताटात काय टाकलं हे तिला तोंडपाठ आहे. माणसांची पारख करायची तिची तेवढी एकच पद्धत. बँकेतला मॅनेजर म्हणजे 'गाजरं टाकणारा'. डॉक्टरीणबाई 'दुसऱ्याच्या ताटातलं उचलणारी'. न्यायाधीश झालेल्या एकाचं नाव निघालं की ती नुसती मान हलवते. त्याने काय केलं होतं ते तिने आजवर सांगितलेलं नाही, पण तो अजूनही तिला बघून रस्ता ओलांडतो. निवृत्त झाली तेव्हा शाळेने लाकडावर पितळी पत्रा ठोकलेलं मानचिन्ह दिलं, त्यावर एप्रनचं चित्र. तिच्या फ्रिजचा एक पाय आखूड आहे. मानचिन्ह बरोब्बर त्या जाडीचं निघालं. "एवढ्या वर्षांत शाळेने दिलेली ही पहिली उपयोगी वस्तू," असं ती ते दाखवून सांगते.

मिसेस थॉर्नवेल तिच्या घरी गेल्या त्या दुकानातून विकत घेतलेली ॲपल-पाय घेऊन. मिस लर्लीनच्या ओसरीवर दुकानातली ॲपल-पाय घेऊन जाणं म्हणजे पाद्र्याला बायबल कसं वाचायचं ते शिकवायला जाण्यासारखं आहे. आणि तिला हाक मारली, "लर्लीन, डिअर!" आमच्याकडे ऐंशीला टेकलेल्या बाईला 'मिस' न लावता नुसत्या नावाने हाक मारायची तर एक तर तुम्ही तिची आई असायला हवं, नाही तर थॉर्नवेल. मिस लर्लीनने सगळं ऐकून घेतलं. तिने एवढंच विचारलं, "खाली नाव लिहिणार?"

"अर्थात, डिअर!"

"पूर्ण?"

"पूर्ण."

"हॉटेलात आईला सगळे 'आंट हॅटी' म्हणायचे. तिच्या आधीच्या स्वयंपाकिणीलाही हॅटीच म्हणायचे. नवीन नाव शिकायचे कष्ट नकोत म्हणून. तसलं काही भिंतीवर आलं तर मी स्वतः येऊन खरवडीन."

"छे छे, डिअर."

"मग काढा चित्र. बघितल्याशिवाय सही नाही."

आणि अनावरणाला तीन दिवस उरले असताना, गुरुवारी, ती बघायला आली.

चर्चला घालायची निळी टोपी, पर्स आणि घडीची खुर्ची. पार्किंगमध्ये अपंगांसाठी राखलेल्या जागेत खुर्ची मांडली आणि बसली. दहा मिनिटं भिंतीकडे बघत राहिली. एमरी लग्नाहून परतला होता. तो परांचीवर उगाचच एका ढगाला रंग देत राहिला. मी टोपी हातात घेऊन जवळ गेलो. कौतुक ऐकायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

"झीक."

"बोला, मिस लर्लीन."

"त्या पातेल्यात काय आहे?"

"भात."

"नक्की? धुणं उकळायला घातलेलं नाही?"

"नाही, भातच आहे."

"मग ती बाई कोण?"

"तुमच्या आई. हेप्सिबाबाई."

"माझी आई भात ढवळतेय?"

तेव्हा कुठे मी भिंतीकडे नीट बघितलं. इतके दिवस मी फक्त तिरीप बघत होतो. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती डांबरी असली तरी सरकते, हे मला त्या दिवशी कळलं.

"तो डाव कुणी काढला?"

मी एमरीकडे बघितलं. एमरी ओहायोचा असला तरी चांगल्या घरचा. त्याने मान वर करून आकाशाकडे बघितलं.

"मी," म्हटलं.

"तुझी आई आज असती तर याच डावाने तिने तुला बडवला असता. आणि काढलायसही चांगला मोठा. पुरला असता."

एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाचे आभार मानले असते. पण तेवढ्यात एक तपकिरी गाडी हळू झाली आणि काच खाली आली. आत सिस्टर ओझेला फ्रेझर; आमच्या चर्चमध्ये बायका एकमेकींना सिस्टर म्हणतात. हे नाव आलं की थोडं मागे जावं लागतं. १९६२ साली चर्चच्या वर्धापनदिनाला दोन पातेली भात झाला होता, एक हेप्सिबाचा, एक ओझेलाच्या आईचा. हेप्सिबाचं पातेलं अर्ध्या तासात घासूनपुसून रिकामं. ओझेलाच्या आईचं पातेलं तीन दिवस चर्चच्या कोंबड्या खात होत्या. त्या दिवसापासून फ्रेझर मंडळींनी एक कुजबूज सुरू केली, ती आजतागायत चालू आहे: हेप्सिबा कुणी बघत नसताना झाकण उघडून ढवळते. भात सुटा दिसतो तो लोणी चोपडून. हॉटेलात राहून बाईची सवय बिघडली. खरं कुणालाच वाटत नव्हतं, कारण पुरावा कुणाकडेच नव्हता. आता होता. एकवीस फुटी.

"सिस्टर लर्लीन!" ओझेला गाडीतून म्हणाली. "चित्र काय सुरेख झालंय हो! अगदी हुबेहूब! आमची आई सांगायची ना, तस्संच!"

काच वर गेली. गाडी गेली. मिस लर्लीनने पर्सची कडी लावली, उघडली, पुन्हा लावली. तेहतीस वर्षं मी त्या बाईला जेवणघरात बघितलं होतं, ओसरीवर बघितलं होतं, नवऱ्याच्या मातीला बघितलं होतं. तिला अशी चुळबुळ करताना पहिल्यांदाच बघितलं.

"बोलाव त्या थॉर्नवेलला," ती म्हणाली. "सही नाही."

मिसेस थॉर्नवेल आल्या, सोबत मेयर क्लिफ ऑक्सनरना घेऊन आल्या. पत्रिका छापून झाल्या होत्या. कोलंबियाहून मोठी माणसं येणार होती. भिंतीसमोर खुर्चीत बसलेल्या बाईपुढे ती दोघं उभी राहिली, शाळेच्या रांगेत ताट घेऊन उभं राहावं तशी.

"लर्लीन, डिअर, डाव हे प्रतीक आहे."

"कशाचं?"

"पोषणाचं."

"ढवळलंत की पोषण बुडाला लागतं, बाई."

मेयरनी घसा साफ केला. "मिस लर्लीन, बाहेरून येणाऱ्या लोकांना एवढं कुठे कळतंय?"

"क्लिफी, तू दुसरीत असताना भेंडी खिशात भरून पळायचास. तुझी आई मला विचारायला आली होती, पोराच्या विजारीला हे हिरवं चिकट काय लागतं म्हणून. मी म्हटलं, शेवाळ असेल. तुझ्यासाठी एका भल्या बाईशी खोटं बोलले मी. आणि आता तू मला सांगतोस कुणाला काय कळतं?"

मेयर मागे सरकले. त्या दिवशी ते पुन्हा बोलले नाहीत. त्यांच्या कारकिर्दीतला तो सगळ्यात शहाणपणाचा दिवस असावा.

मिसेस थॉर्नवेलना मात्र संकट समजायलाच वेळ लागतो. त्या म्हणाल्या, "हा डावाचा प्रश्न आपण सोडवूच. पण रविवारचं एक विचारायचं होतं. दोनशे पाहुणे आहेत. तुमचा तो तांबडा भात असता तर किती अस्सल वाटलं असतं!"

मला क्षणभर कळेना, आपण ऐकलं ते खरं की काय. ज्या स्वयंपाकिणीचा सत्कार करायचा, तिच्याच मुलीने सत्काराला दोनशे माणसांचं रांधायचं! कृतज्ञतेच्या सगळ्या बैठकांना हजर राहूनही बाईंना यात काही खटकलं नाही. मिस लर्लीनला राग आला असावा असं वाटून मी तिच्याकडे बघितलं. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ताटात टाकलेल्या गाजराकडे ती जसं बघायची, तसं ती मिसेस थॉर्नवेलकडे बघत होती.

"तिला सांगा ना," भिंतीकडे हनुवटी करून ती म्हणाली. "ती ढवळतेच आहे."

मग सूचनांचा पाऊस पडला. समितीचे आणखी दोघं येऊन पोचले होते. डावाऐवजी फुलं द्यावीत. मक्याचं कणीस द्यावं. हात उंचावून आशीर्वाद देताना दाखवावा. एकाने तर 'पाहुण्यांकडे बघून हसत ताट पुढे करताना' असं सुचवलं. तो माणूस अजून या गावात राहतो, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही.

एमरी खाली उतरून आला. "मॅम," तो म्हणाला, "तुम्हीच सांगा. त्यांच्या हातात काय देऊ?"

"काही नको."

"काहीच नाही?"

"झाकण ठेवल्यावर हातात काय असायचंय, बाळा? झाकण ठेवायची आणि पालथ्या बादलीवर बसायची ती. बूट काढून."

"बसायची?" मिसेस थॉर्नवेल म्हणाल्या. त्यांना खरोखरच धक्का बसला होता. "पण मग ती काहीच करत नाहीये असं दिसेल!"

झालं. निघालं तोंडातून. बाईला राबताना दाखवली नाही, तर तिचा मान तरी कशाबद्दल ठेवायचा, असा प्रामाणिक प्रश्न मिसेस थॉर्नवेलना पडला होता. मी त्या बाईंना पुष्कळ वर्षं ओळखतो, पण त्यांना इतकं स्वच्छ कधी बघितलं नव्हतं.

"भात करतेय ती," मिस लर्लीन म्हणाली. "बसून राहणं हाच त्यातला अवघड भाग आहे. म्हणून तर फ्रेझरांना जमला नाही." मग तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. "शाळा सुटली की मी हॉटेलच्या मागच्या दाराने आत यायची. आई दिवसभर पायावर उभी. माझ्याशी बोलायला फुरसत नाही. पण झाकण पडलं की वीस मिनिटं ती माझी. तेवढ्यात पाढे म्हणून घ्यायची, कानामागचा मळ बघायची, दोन थपडा द्यायच्या असल्या तर त्याही तेवढ्यातच. जेवणघरातून घंटा वाजायची. ही उठायची नाही. 'भात शिजतोय,' म्हणायची. मालक दारापर्यंत येऊन परत जायचा. ढवळत बसली असती तर मला आई मिळाली असती का?"

मग मिसेस थॉर्नवेल म्हणाल्या, "किती हृद्य! लर्लीन, डिअर, हे पुन्हा एकदा सांगाल? मी फोन काढते."

"नाही," मिस लर्लीन म्हणाली.

मिस लर्लीनची अट साधी होती: बादलीवर बसलेली आई नसेल तर सही नाही, आणि सही नसेल तर रविवारी ती इथेच खुर्ची टाकून बसेल आणि येणाऱ्या प्रत्येकाला, कोलंबियाच्या साहेबांनाही, पातेल्यात काय चाललंय ते समजावून सांगेल. समितीने दहा मिनिटं बाजूला जाऊन चर्चा केली. तत्त्वाच्या प्रश्नावर ही माणसं पत्रिका छापून झाल्या की फार लवकर मवाळ होतात.

शुक्रवारी सकाळी तिने एमरीला आणि मला घरी बोलावलं. "आधी भात कर," ती त्याला म्हणाली. "मग काढ." त्याने तांदूळ एकदा धुतला. तिने पाच वेळा धुवायला लावला. बोटाच्या पेराएवढं पाणी. उकळी, आच मंद, झाकण. चार मिनिटं झाली नसतील, एमरीचा हात झाकणाकडे गेला. पुसायच्या फडक्याचा सपकारा मनगटावर बसला.

"आत काय कोंबडी आहे? उडून जाईल?"

"नाही, मॅम. म्हटलं, लागत तर नसेल खाली."

"लागला तर लागेल. तू बघितल्याने सुटणार आहे? बस."

तो बसला. मी बसलो. तीही बसली. बूट काढले, पाय लांब केले, हात मांडीत टाकले, डोळे अर्धे मिटले. तेव्हा एमरीने खिशातून वही काढली आणि गप्प बसून तिला उतरवून घेऊ लागला. घड्याळाची टिकटिक आणि पेन्सिलीची खसखस. मला सोळाव्या मिनिटाला शिंक आली ती मी गिळली. झाकण उघडलं तेव्हा भात जरासा ओलसर होता. "कुत्र्याला चालेल," ती म्हणाली आणि आमच्या दोघांच्या पुढे ताटं ठेवली.

मग शुक्रवार आणि शनिवार आम्ही दोघांनी हाडाची काडं करून भिंत बदलली. उभी बाई पुसली. बादली आली, बादलीवर बाई आली, जमिनीवर काढून ठेवलेले बूट आले. झाकण माझ्याकडे दिलं. चांगलं जड, बिडाचं झाकण काढलं. या वेळी तिरीप नाही. खाली पूर्ण नाव: हेप्सिबा रोझेटा मॅनिगॉल्ट. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली पाटी. मिस लर्लीन शनिवारी संध्याकाळी आली, उभ्या उभ्या बघितलं, परांचीच्या फळीवर कागद ठेवून सही केली, आणि गेली.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव जमलं. पडदा खाली आला. मिसेस थॉर्नवेलचं भाषण आठवड्यापूर्वीच लिहून झालेलं होतं, आणि बाई छापील कागदावर इतका विश्वास ठेवतात की मागे वळून भिंतीकडे बघायची त्यांना गरज वाटली नाही. "बघा," त्या म्हणाल्या, "बघा त्या हातांकडे, ज्यांना क्षणभराचीही विश्रांती ठाऊक नव्हती!"

लोकांनी बघितलं. हात मांडीत निवांत पडले होते. बाई अनवाणी बसली होती. पहिल्यांदा मागच्या रांगेतून एक हसू फुटलं, मग दुसरं, मग सगळं पार्किंग खदखदायला लागलं. मिसेस थॉर्नवेलना वाटलं लोक भारावले. त्यांनी तेच वाक्य आणखी जोरात वाचलं. कोलंबियाच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे काहीतरी आधुनिक असावं.

सिस्टर ओझेला फ्रेझर हसली नाही. ती भिंतीसमोर बराच वेळ उभी होती. मग मिस लर्लीनच्या खुर्चीजवळ आली.

"झाकण घट्ट बसलंय," ती म्हणाली.

"हो."

"आमची आई म्हणायची..."

"तुझी आई काय म्हणायची ते सत्तावन्न वर्षं ऐकतेय मी, ओझेला."

ओझेलाने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "तिने तसं बोलायला नको होतं," ती म्हणाली. "मी सहा वर्षांची होते. तुमच्या आईच्या पातेल्यातला भात मीही खाल्ला होता. दोनदा वाढून घेतला. घरी सांगितलं नाही."

"दोनदा?"

"तीनदा."

मिस लर्लीनने पर्स खुर्चीच्या पायाशी ठेवली. चार दिवसांत तिने पर्स हातातून पहिल्यांदा खाली ठेवली असेल. "जा, काही तरी खाऊन घे," ती ओझेलाला म्हणाली. "समितीने बाहेरून मागवलंय, तेव्हा आशा धरू नकोस."

मंडळी तंबूकडे गेली. तिकडून चमच्यांचे आवाज यायला लागले. भाताचा गोळा सोडवायला लोकांना बरीच खटपट करावी लागत होती. पार्किंग रिकामं झालं. भिंतीसमोर मिस लर्लीन एकटी उरली. टोपी जराशी मागे गेली होती. ती वर बघत होती, कितीतरी वेळ, पापणीही न हलवता. मला वाटलं, आता हीच वेळ आहे. चुकीची भरपाई झालेली, गावासमोर नाव राहिलेलं. एक चांगला शब्द आपल्या वाट्याला यायला हरकत नाही. मी जाऊन बाजूला उभा राहिलो.

"मिस लर्लीन, आता खरं सांगा. आई दिसते ना?"

तिने मान किंचित तिरकी केली, पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, आणि म्हणाली, "नाक चुकलंय."